हा गळा आला कुणाकडून?



लेकरू जन्मले की बाराव्या दिवसाच्या आत त्याची वाटणी होऊन जाते. नाक बापाचे, कपाळ आजोबांचे, रंग मामाचा, आणि हट्टीपणा मात्र समोरच्या पार्टीचा. आईकडचे म्हणतात बापाचा, बापाकडचे म्हणतात आईचा. या वाटणीत एक गोष्ट मात्र कधीच येत नाही. ती म्हणजे गळा. रात्री दोन वाजता रडणाऱ्या लेकरात सूर शोधण्याइतकी उसंत कुणाला असते? गळ्याचा पत्ता लागतो दहा-बारा वर्षांनी, आणि तोही सगळ्यांत शेवटी आईबापाला. त्यातही आईला आधी, बापाला मागून. शाळेतल्या बाईंना ठाऊक असते, शेजारणीला ठाऊक असते, पाण्याच्या टाकीवरच्या बायकांना ठाऊक असते. बाप तेवढा म्हणत असतो, 'आमची पोरगी? गाते? कुठली गाते!'

आमच्या घरी हा पत्ता लागला तो एका १५ ऑगस्टला. हा दिवस आपल्या वस्तीत दोनदा साजरा होतो. सकाळी शाळेत झेंडा, संध्याकाळी विहारात वामनदादा कर्डकांची जयंती. दादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातला, देशवंडी गावचा. सटाण्याच्या आमच्या विहारात त्या संध्याकाळी मालेगावहून एक गायन पार्टी यायची होती. पण पाऊस असा लागला की पार्टी वाटेतच अडकली. इकडे सतरंज्या अंथरलेल्या, माणसे बसलेली, माईक सुरू, आणि गायला कुणी नाही. पेटीवाले काका तेवढे गावातलेच होते. त्यांनी हाक दिली, "पोराबाळांपैकी कुणी म्हणतं का रे काही?"

आम्ही त्या वेळी बाहेर पत्र्याखाली चहाच्या पातेल्याजवळ उभे. आमचे काम कांद्याच्या मार्केटात मापाऱ्याचे. गोणी नुसती पाहून वजनाचा अंदाज सांगू, पण गाण्यातले आम्हाला काही कळत नाही. चहा ओतत असताना कर्ण्यातून आवाज आला आणि आम्ही शेजाऱ्याला म्हणालो, "क्यासेट लावली वाटतं. बाईचा आवाज झकास आहे."

शेजारी म्हणाला, "भाऊ, क्यासेट कुठली? ती तुमची धाकटी आहे."

"आमची धाकटी सातवीत आहे."

"मग सातवीतलीच गातेय."

त्यानंतरचा चहा ग्लासात कमी आणि आमच्या चपलेवर जास्त पडला. आमच्या माहितीप्रमाणे धाकटीच्या आवाजाचे दोनच प्रकार होते. एक मोबाइलसाठी थोरल्या भावाशी भांडण्याचा आणि दुसरा भाजी आवडली नाही हे गल्लीभर जाहीर करण्याचा. याला तिसराही प्रकार आहे हे आम्हाला कर्ण्याने सांगितले. दाराशी जाऊन पाहतो तो काय, सकाळचाच शाळेचा गणवेश, दोन वेण्या, दोन्ही हातांनी माईक धरलेला, डोळे गच्च मिटलेले. वामनदादांचे अख्खे गाणे, सगळी कडवी, हातात कागद नाही. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बाया मान डोलवत होत्या. आमची आई त्यांच्यातच होती, आणि तिने पदर डोळ्याला लावला होता.

गाणे संपल्यावर पेटीवाले काका बाहेर आले आणि म्हणाले, "भाऊ, पोरीची पट्टी कोणती?"

आम्हाला दोनच पट्ट्या ठाऊक, घरपट्टी आणि पाणीपट्टी. आम्ही म्हटले, "दोन्ही भरल्या आहेत काका, पावत्या घरी आहेत." काका पोट धरून हसले. मग त्यांनी समजावून सांगितले की पेटीवरच्या ज्या सुराला गाणारा आपला 'सा' धरतो ती त्याची पट्टी. पोरीची काळी चार आहे. तिला पुरुषांच्या काळी दोनमध्ये गायला लावू नका, आवाज खालीही उतरणार नाही आणि वर ओरडावे लागेल.

दुसऱ्या दिवशी घरात खरा खटला उभा राहिला. हा गळा आला कुणाकडून? ज्यांचे नाव जन्मात कधी जमिनीच्या सात-बाऱ्यावर लागले नाही, ते सगळे या गळ्याच्या सात-बाऱ्यावर नाव लावायला धावले. मामा ढोलकी वाजवतो, म्हणून मामाने पहिला दावा ठोकला. आमच्या चुलत्यांनी सांगितले की ते शाळेत असताना प्रार्थनेला पुढे उभे राहत. पुढे का उभे करत, तर उंची कमी म्हणून, हे त्यांनी सांगितले नाही. आम्हीही दबक्या आवाजात आमचे नाव पुढे केले. पण ही दोन्ही पोरे पाळण्यात असताना आम्ही अंगाई म्हटली की झोपलेले पोर उठून बसे, ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला आठवत होती. आमचा दावा तिथेच फेटाळला गेला.

शेवटी आमची आई उठली आणि म्हणाली, "हाऊ मन्हा गया शे!"

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या बागलाणातल्या अहिराणीत 'ळ' चा 'य' होतो. डोळ्याला डोया म्हणतात, गळ्याला गया. म्हणजे आई म्हणत होती, हा माझा गळा आहे. पुण्या-मुंबईच्या पाहुण्याने ऐकले असते तर त्याला वाटले असते, म्हातारीचे काहीतरी हरवले, 'गया' म्हणून रडते आहे.

आणि पोरीची आई? ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "मला तर ती चौथीत होती तेव्हापासून माहीत आहे. भांडी घासताना रोज गाते. नळाची धार मोठी असली की मोठ्यानं गाते. तुम्ही घरात पाऊल टाकलं की बंद."

"का म्हणून?"

"तुम्ही आलात की टीव्ही लागतो ना."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. पण पुढे कळले की या बाबतीत आमची सोबत फार मोठ्या माणसाशी आहे. मास्टर दीनानाथ मंगेशकर हे मराठी रंगभूमीचे नावाजलेले गायक. घरात शिष्यांना शिकवत. एके दिवशी एका शिष्याला पुरिया धनाश्री रागाचा रियाज करायला सांगून ते बाहेर गेले. शिष्य चुकला. जवळच खेळत असलेली पाच-सहा वर्षांची पोर आत आली, त्याला म्हणाली असे नाही, असे, आणि गाऊन दाखवले. दीनानाथ परत येऊन मागे उभे होते. त्यांनी पोरीच्या आईला सांगितले की आपण बाहेरच्यांना शिकवत बसलो आहोत आणि गवई तर घरातच आहे. ती पोर म्हणजे लता. हा प्रसंग लतादीदींनी स्वतःच मुलाखतींतून अनेकदा सांगितला. दुसऱ्या दिवशी पहाटे वडिलांनी तिला उठवून तंबोऱ्यापुढे बसवले. ज्याचा धंदाच गाणे, ज्याच्या घरात दिवसभर तंबोरा, त्यालासुद्धा स्वतःच्या लेकीचा गळा असा अवचित कळतो. मग कांद्याच्या काट्यावर उभे राहणाऱ्याची काय कथा?

याचे कारण साधे आहे. लेकरू गाते ते आपल्याला दाखवायला गात नाही. ते स्वतःपुरते गाते, आडोशाला गाते. दहा बाय बाराच्या खोलीत आडोसा कुठला? नळाची धार, नाहीतर पाऊस.

आता खटल्याचा निकाल. डॉक्टर मंडळी सांगतात की गळ्याची ठेवण काही अंशी रक्तातून येते. गळ्यातल्या दोन बारीक पडद्यांना स्वरतंतू म्हणतात. बोलताना पुरुषाचे तंतू सेकंदाला साधारण १०० ते १२५ वेळा थरथरतात, बाईचे २०० च्या आसपास आणि लेकराचे २५० ते ३००. म्हणून लेकराचा आवाज बारीक. ही झाली ठेवण. पण सूर ठेवणीतून येत नाही, सूर कानातून येतो. शेवटच्या तीन महिन्यांत बाळ पोटात असतानाच त्याला आईचा आवाज ऐकू येतो, आणि जन्मल्यावर ते तो ओळखते. हे तपासून सिद्ध झालेले आहे. आमची धाकटी पोटात असताना तिची आई कांद्याच्या चाळीत निवडणीला जात होती. तिथे बायका हात चालवता चालवता दिवसभर गाणी म्हणत. म्हणजे पोरगी पहिल्या गाण्याला हजर होती ती जन्माच्या आधीच.

पुढे तिच्या कानावर काय काय पडले? विहारातले त्रिशरण-पंचशील, वर्षावासातले ग्रंथवाचन, जयंतीचे कर्णे, लग्नातल्या कव्वाल्या. आणि आजी. आजीचे जाते कधीच दाराबाहेर गेले, त्यावर आता तुळस नाही, मोगऱ्याची कुंडी आहे. पण आजीच्या ओव्या गेल्या नाहीत. त्या ती गोधडी शिवताना म्हणते. भीमरायाच्या ओव्या, रमाईच्या ओव्या, माहेरच्या ओव्या. या ओव्यांना कुणी हलके समजू नये. हेमा राईरकर आणि गी पॉइतवॅ या दोघा अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत आपल्या वस्त्यांतल्या आयाबायांनी बाबासाहेबांवर रचलेल्याही आहेत. अक्षर न ओळखणाऱ्या बायांनी पहाटेच्या अंधारात पीठ पाडता पाडता इतिहास गाऊन ठेवला. तेव्हा आमच्या आईचा दावा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. निकाल द्यायचाच तर निम्मा आजीच्या बाजूने द्यावा लागेल.

उरलेला निम्मा? तो या जिल्ह्याचा. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्या काळात आपल्या लोकांपैकी वर्तमानपत्र वाचू शकणारे किती? बातमी गावोगाव पोचवली ती जलशांनी. आपल्याच जिल्ह्यातले भीमराव कर्डक हे त्या जलशांचे मोठे नाव. दिवसा काम आणि रात्री डफ-ढोलकी. जुन्या तमाशातली गण-गौळण बाजूला ठेवून या माणसांनी शाळेत जा, मेलेले ढोर ओढू नका, दारू सोडा हे गाण्यातून सांगितले. पुढे १९७८ साली त्यांनी आंबेडकरी जलशांवर पुस्तकही लिहून ठेवले. आडनाव तेच, पण माणूस दुसरा, असे वामनदादा कर्डक. लहानपणी शाळा नशिबी नाही, मुंबईत मजुरी करताना मोठेपणी अक्षरओळख झाली, आणि १९४३ पासून जो गाणी रचू लागला तो शेवटपर्यंत थांबला नाही. १५ मे २००४ ला दादा गेले. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, २३ जूनला, प्रल्हाद शिंदे गेले. त्या उन्हाळ्यात किती घरांत चूल उशिरा पेटली हे जुन्या वाचकांना आठवत असेल.

शिंद्यांच्या घरात गळ्याचा खटला कधी उभाच राहिला नसणार. प्रल्हाददादा, मग आनंद आणि मिलिंद, मग आदर्श आणि त्याची भावंडे. तिथे न गाणारे पोर निघाले तर आईबापाला आश्चर्य. पण आपल्यासारखी घरे वेगळी. आपल्या घरात पेटी नाही, तबला नाही, गुरू नाही. तरी पोर सुरात गाते, कारण तिच्या कानावर ही सगळी माणसे पडलेली असतात. घराणे म्हणजे एका कुटुंबाचीच मिरास असते असे थोडेच आहे? आपली अख्खी वस्ती हेच एक घराणे आहे.

इथवर सगळे हसतखेळत चालले होते. बातमी पसरली आणि पुढच्या रविवारी आमच्या मोठ्या आत्या आल्या. त्या चहाही न घेता म्हणाल्या, "पोरीला विहारात गाऊ दे, शाळेत गाऊ दे. पण स्टेजवर, रात्री, चार परक्या माणसांपुढं गाऊ देऊ नको. गाणाऱ्या बाईकडं लोक कसं बघतात ते मी पाहिलंय."

नव्या पिढीला हे बोलणे मागासलेले वाटेल. आम्हाला तसे म्हणवत नाही. आत्यांच्या भीतीला आधार आहे. एके काळी आपल्या लेकीबाळींना फडावर नाचवून दुसऱ्यांनी नाव आणि पैसा कमावला. बाबासाहेबांच्या चरित्रात एक हकीकत येते. शाहीर पठ्ठे बापूरावांनी चळवळीच्या निधीसाठी आपल्या तमाशाच्या खेळांचे उत्पन्न देऊ केले. बाबासाहेबांनी ते नाकारले, कारण तो पैसा आपल्या समाजातल्या बायांना नाचवून मिळवलेला होता. पैशाची ओढ असताना नाकारले. म्हणून आपल्या जुन्या माणसांच्या मनात स्टेज आणि बाई हे दोन शब्द जवळ आले की काळजात धस्स होते. जलशांमध्येसुद्धा बाईचे काम बहुतेक पुरुषच लुगडे नेसून करीत.

पण मायबहिणींनो, एक फरक लक्षात घ्यायला हवा. दुसऱ्याच्या शिटीवर नाचवले जाणे वेगळे आणि आपले गाणे आपल्या तोंडाने, ताठ मानेने गाणे वेगळे. बाबासाहेबांनी पहिल्याला नकार दिला, दुसऱ्याला नाही. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, कडूबाई खरात यांचे उदाहरण घ्या. गाणे बापाकडून घेतलेले, हातात एकतारी, डोक्यावर पदर, संसाराचा भार एकटीवर. भीमगीते गात दारोदार फिरणाऱ्या या बाईचे गाणे कुणीतरी मोबाइलवर घेतले आणि ते घरोघर गेले. आज त्यांच्या गाण्यापुढे हजारोंची गर्दी शांत बसते. कुणाची बिशाद आहे त्यांच्याकडे वाकड्या नजरेने बघायची? वैशाली माडे विदर्भातल्या. लग्नानंतर त्या टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत उतरल्या, २००८ साली मराठीत जिंकल्या आणि २००९ साली हिंदीत. पुढे हिंदी सिनेमात गायल्या. भीमगीते गायचे मात्र सोडले नाही. आत्यांना आम्ही हे सांगितले. कडूबाईंचे गाणे मोबाइलवर लावूनही दाखवले. आत्या शेवटपर्यंत ऐकत बसल्या. मग म्हणाल्या, "रात्री दहाच्या आत घरी आणायची. आणि बरोबर आई पाहिजे." म्हणजे निम्मी परवानगी मिळाली. उरलेल्या निम्म्यासाठी आणखी काही रविवार लागतील.

यानंतरचा प्रश्न पोटाचा. वस्तीतली माणसे दोन बाजूंनी ओढू लागली. एक बाजू म्हणे, हिला लगेच टीव्हीच्या स्पर्धेला पाठवा, मुंबई गाठा, नशीब उघडेल. दुसरी बाजू म्हणे, गाण्याने पोट भरत नाही, शिष्यवृत्तीच्या क्लासला घाला, पेटीचे नाव काढू नका. पहिल्या बाजूला आम्ही सांगितले की ज्या लतादीदींचे नाव तुम्ही घेता, त्यांचे वडील १९४२ साली गेले तेव्हा त्या तेराव्या वर्षात होत्या, आणि त्या वयात भावंडांचे पोट त्यांच्या गळ्यावर आले. लेकराच्या गळ्यावर घर चालवणे ही हौस नव्हे, ते ओझे आहे. दुसऱ्या बाजूला सांगितले की वामनदादांनी गाणे रचले ते पोट भरले म्हणून नाही. आपल्या वस्तीतले ढोलकीवाले, कोरसवाले दिवसभर हमाली करून रात्री उभे राहतात आणि बिदागी म्हणून बऱ्याचदा हातात पेट्रोलचे पैसे पडतात. ही गोष्ट काही अभिमानाची नाही. जयंतीच्या डीजेला मोजून पैसे द्यायचे आणि गाणाऱ्याला मात्र 'समाजाचं काम आहे' म्हणून हार घालून परत पाठवायचे, याचा मंडळांनी विचार करावा.

ही सगळी चर्चा आमच्या ओट्यावर रात्री साडेनऊपर्यंत चालली. प्रत्येकाने पोरीचे आयुष्य आपापल्या परीने आखून दिले. पोरगी दाराला टेकून ऐकत होती. शेवटी पेटीवाले काकाच म्हणाले, "अरे, तिला विचारलं का कुणी?"

ती म्हणाली, "पप्पा, मला नर्स व्हायचंय. पण गाणं सोडायचं नाही. नर्सला गाता येत नाही का?"

ओटा गप्प झाला. दवाखान्यात ताप मोजता मोजता गुणगुणणारी नर्स आमच्यापैकी कुणाच्याच आखणीत नव्हती. तिची आजी मात्र लगेच म्हणाली, "मन्हा दवाखानाना खर्च वाचना!"

तेव्हा ठरले ते असे. अभ्यास आहे तसा चालू. आठवड्यातले दोन दिवस संध्याकाळी पेटीवाल्या काकांकडे सरगम. काकांनी फी सांगितली नाही, पण पोरीच्या आईने दर महिन्याला ठरलेली रक्कम पाकिटात घालून द्यायची असे ठरवले. शिकवणाऱ्याला फुकट राबवायचे नाही. आणि संध्याकाळी अर्धा तास टीव्ही बंद. हा ठराव आमच्या एका मताविरुद्ध बहुमताने मंजूर झाला.

ज्यांच्या घरी असे पाखरू सापडले असेल, त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगून ठेवतो.

गाणे शिकायला घराण्यात जन्मावे लागते, हे दिवस गेले. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि बंद दाराआडचे संगीत शाळेच्या वर्गात आणले. ते शेवटच्या काळात नाशिकलाच राहिले. त्या परंपरेतल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आजही होतात. आधी प्रारंभिक, मग प्रवेशिका, मग मध्यमा, मग विशारद. या परीक्षांना जात विचारत नाहीत आणि बापाला काय येते तेही विचारत नाहीत. शास्त्रीय संगीताच्या ठरावीक परीक्षा पास झालेल्या मुलांना दहावीला वाढीव गुणांची सवलत आहे. तिच्या अटी मुख्याध्यापकांना आधीच विचारून घ्याव्यात, दहावीच्या फेब्रुवारीत धावाधाव करू नये.

गळा जपावा. बारा ते पंधरा या वयात मुलांचा आवाज फुटतो, मुलींचाही थोडा बदलतो. त्या दिवसांत 'याचा आवाज गेला' म्हणून पोराला हिणवू नका आणि गाणे बंदही करू नका. हळू गाऊ द्या, पट्टी खाली घ्या. मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे ओरडून सगळ्यांत आधी बसतो तो गाणाऱ्या पोराचाच आवाज. दोन-तीन आठवडे होऊनही घोगरेपणा गेला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. खडीसाखरेवर भागवू नये.

स्पर्धेला पाठवायचे तर पाठवा, पण हरल्याच्या दिवशी घरी गोड करा. जिंकल्याच्या दिवशी शेजारी करतातच.

आणि शेवटचे म्हणजे आजीला विसरू नका. घरातल्या म्हातारीच्या तोंडी ज्या ओव्या आहेत, त्या या पोराबाळांकडून वहीत उतरवून घ्या. मोबाइलवर आवाजही घेऊन ठेवा. वहीच्या पहिल्या पानावर आजीचे पूर्ण नाव आणि गाव लिहा, कारण या बायांची नावे आजवर कुठल्याच कागदावर आलेली नाहीत. वही भरली की विहाराच्या कपाटात ठेवा. पुढच्या वर्षावासात ग्रंथवाचन झाल्यावर रोज दोन ओव्या म्हटल्या तर तीन महिन्यांत दीडशेच्या वर होतात.

तुमच्या घरातल्या गाणाऱ्या लेकरांची हकीकत आम्हाला जरूर लिहून पाठवा. इयत्ता लिहा, गाव लिहा, आणि पट्टीही लिहा. फक्त घरपट्टीची पावती जोडू नका.

जयभीम.